अंश आणि छेद : विद्यार्थी-शिक्षक गुणोत्तर देशोदेशी कसं मोजतात?

मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचतोय ना? ठीक.

आजच्या विषयाची पाटी वाचून दारातच दोघातिघांनी विचारलं, ‘सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. हे गणित कुठून काढलंत?’ त्याचं उत्तर आधी देऊन टाकतो.

आम्ही एका महाविद्यालयात तीसेक वर्षं तर्कशास्त्र आणि नीतिशास्त्र शिकवलं. प्रथम वर्ष कला शाखेची तुकडी १२० ची. निवृत्तीला दोन-तीन वर्षं उरली असताना एक मुलगी शिफारसपत्र मागायला आली. पत्र लिहायला कागद पुढे ओढला आणि सहज विचारलं, ‘तुझा विषय कोणता होता?’ ती म्हणाली, ‘सर, मी तीन वर्षं तुमच्याच वर्गात होते.’ तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तिनं फक्त माहिती दिली. पत्र आम्ही लिहून दिलं. पण ते कुठल्याही मुलीला चाललं असतं.

आता गंमत पाहा. त्या वर्षी आमच्या महाविद्यालयाचं विद्यार्थी-शिक्षक गुणोत्तर कागदावर चांगलं होतं. तपासणीला आलेल्या समितीनं वाखाणावं इतकं. तो आकडा ज्या तक्त्यात भरला होता, त्याखाली सही आमची होती. त्या सहीकडे आपण शेवटी येऊ. तोवर, हा आकडा म्हणजे नेमकं काय, तो जगात कोण कसा काढतो, आणि दोन देशांचे आकडे शेजारी ठेवले म्हणजे तुलना झाली का, एवढं बघू.

देशोदेशीचे आकडे

गुणोत्तर म्हणजे साधा भागाकार. वर विद्यार्थी, खाली शिक्षक. शाळेच्या भाषेत विद्यार्थी हा अंश आणि शिक्षक हा छेद. भागाकार चौथीतल्या मुलालाही येतो. अंशात कोण बसवायचं आणि छेदात कोण, हे मात्र भल्याभल्यांना नीट सांगता येत नाही.

ओईसीडी ही ३८ देशांची संघटना आहे, त्यातले बहुतेक देश सधन. गेल्या दशकातल्या तिच्या अहवालांत उच्च शिक्षणाची सरासरी एका शिक्षकामागे सुमारे १५ विद्यार्थी अशी येते. नॉर्वे-स्वीडन दहाच्या आसपास, जर्मनी बाराच्या, इटली विसाच्या. अमेरिका चौदाच्या घरात. चीनचं शिक्षण मंत्रालय आपल्या नियमित संस्थांसाठी सुमारे १८ सांगतं. आणि आपण? केंद्र सरकारच्या २०२०-२१ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात ४ कोटी १४ लाख विद्यार्थी आणि १५ लाख ५१ हजार शिक्षक आहेत. भागाकार करा, २७ येतात.

म्हणजे नॉर्वेचा शिक्षक दहा जणांना सांभाळतो आणि आपला सत्तावीस जणांना, असं म्हणून वर्तमानपत्रात मथळा देता येईल. व्याख्यानही इथेच संपवता येईल. पण तर्कशास्त्राच्या माणसाला एक खोड असते. दोन पदं एकाच अर्थानं वापरली आहेत का, हे तपासल्याशिवाय तो निष्कर्षाकडे जात नाही.

अंश : विद्यार्थी कोणाला म्हणायचं?

आपलाच आकडा घ्या. त्याच सर्वेक्षणात २७ च्या शेजारी दुसरा आकडा आहे, २४. दोन्ही खरे. फरक इतकाच की ४ कोटी १४ लाखांपैकी सुमारे ४५ लाख ७१ हजार विद्यार्थी दूरशिक्षणाचे आहेत. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून घरी बसून बी.ए. करणारी गृहिणी त्यात आली, शेती सांभाळून पदवी पूर्ण करणारा शेतकरीही आला. त्यांना अंशात धरलं तर २७, वगळलं तर २४. एकही शिक्षक न नेमता गुणोत्तर तीन अंकांनी सुधारलं.

चीननं यावर नियमच केला आहे. तिथे प्रत्येक विद्यार्थी एक म्हणून मोजत नाहीत, त्याला वजन देतात. पदवीचा विद्यार्थी १, पदव्युत्तरचा दीड, पीएच.डी.चा २. संध्याकाळच्या वर्गाचा ०.३ आणि पत्रद्वारा शिकणारा ०.१. हे ऐकून हसू येतं, पण त्यामागचा विचार खरा आहे. पीएच.डी.चा एक विद्यार्थी शिक्षकाचा जेवढा वेळ खातो, तेवढा पत्रद्वारा शिकणारे वीस जण मिळूनही खात नाहीत. ओईसीडीही अर्धवेळ विद्यार्थ्याला पूर्ण धरत नाही, पूर्णवेळाच्या मापात बदलून घेते. आपला २७ हा मात्र डोकी मोजून आलेला आकडा आहे. म्हणजे एकानं तोळ्यात मोजलं आणि दुसऱ्यानं नगात.

इथे कोणीतरी नालंदेचा विषय काढणार, म्हणून आम्हीच काढतो. ‘नालंदेत दहा हजार विद्यार्थी आणि पंधराशे शिक्षक होते, म्हणजे सातास एक’, हे वाक्य आपण भाषणांतून नेहमी ऐकतो. त्याचा उगम ह्युएन त्संगच्या चिनी चरित्रात आहे. तिथं असं आहे की विहारात राहणारे आणि बाहेरून आलेले मिळून दहा हजार जण. त्यांपैकी वीस ग्रंथ उलगडून सांगू शकणारे हजारावर, तीस ग्रंथ सांगू शकणारे पाचशेवर आणि पन्नास सांगू शकणारे दहा. या विद्वत्तेच्या पायऱ्या आहेत, हजेरीपटावरचे शिक्षक नव्हेत. विद्वानांची बेरीज आपण छेदात नेऊन बसवली आणि अभिमानानं भागाकार केला. नालंदेचं मोठेपण त्या भागाकारावाचूनही शाबूत आहे.

छेद : शिक्षक कोणाला म्हणायचं?

खरी करामत असते ती छेदात.

जर्मनीचं १२ पुन्हा पाहा. २०२१ च्या सुमारास तिथे साधारण २९ लाख विद्यार्थी आणि ५० हजारांच्या आसपास प्राध्यापक होते. हा भागाकार बारा येत नाही, साठाच्या जवळ जातो. मग बारा कुठून आले? प्राध्यापकांच्या हाताखाली संशोधन-सहायकांचा मोठा वर्ग असतो. त्यांतले पुष्कळ जण स्वतः पीएच.डी. करत असतात, मुदतीच्या करारावर असतात, आणि शिकवतातही. त्यांना छेदात घेतलं की बारा. म्हणजे विद्यार्थ्याला बारांत एक शिक्षक मिळतो हे खरं, आणि प्राध्यापक साठांत एक मिळतो हेही खरं. कोणता आकडा सांगायचा, ते सांगणाऱ्याच्या हेतूवर ठरतं.

अमेरिकेत छेदातली निम्म्याच्या आसपास माणसं अर्धवेळ आहेत. एका सत्राला एक-दोन विषय शिकवायचे, विषयामागे ठरलेली रक्कम घ्यायची आणि गाडीत बसून पुढच्या महाविद्यालयात जायचं. आपल्याकडे हेच काम करणाऱ्याला तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक म्हणतात, बोलीत सीएचबी. त्याची गाडी म्हणजे एसटी.

चीन बाहेरून बोलावलेल्या शिक्षकाला अर्धा धरतो. अर्धा माणूस म्हणणं कानाला बरं वाटत नाही, पण हिशेबाला ते प्रामाणिक आहे. जो शिक्षक आठवड्यातून चार तास येतो, ज्याला बसायला खुर्ची नाही, आणि ज्याचा तास संपल्यावर मुलांनी त्याला गाठायचं कुठं हे कोणालाच ठाऊक नसतं, त्याला पूर्ण एक धरणं म्हणजे मुलांना फसवणं आहे. त्याच्यावर तर तो दुहेरी अन्याय. पगाराच्या वेळी तो तासांनी मोजला जातो आणि गुणोत्तराच्या वेळी अख्खा माणूस म्हणून.

गुणोत्तर आणि वर्गाचा आकार

आता एक गैरसमज. गुणोत्तर २० असेल तर वर्गात वीस मुलं असतात, असं बहुतेकांना वाटतं. तसं नसतं. वर्ग किती मोठा होणार हे आणखी दोन गोष्टींवर ठरतं : विद्यार्थी आठवड्याला किती तास वर्गात बसतो आणि शिक्षक किती तास शिकवतो.

आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमानं सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन आहे. समजा विद्यार्थी २४ तास बसतो आणि गुणोत्तर २० आहे. २० गुणिले २४, भागिले १६. वर्ग झाला ३० चा. जर्मन विद्यापीठात प्राध्यापकाला साधारण ८-९ तास असतात, बाकीचा वेळ संशोधनाचा. समजा तिथं गुणोत्तर १५, शिक्षक ८ तास शिकवतो, विद्यार्थी १६ तास बसतो. १५ गुणिले १६, भागिले ८. पुन्हा ३० च! गुणोत्तरं वेगळी आणि वर्ग सारखाच. म्हणून ‘त्यांच्याकडे पंधरा, आमच्याकडे वीस’ एवढ्यानं मुलाच्या वाट्याला काय येतं ते कळत नाही. ज्या देशात शिक्षकाकडून संशोधनाचीही अपेक्षा आहे, तिथे गुणोत्तर कमी असणारच. त्यातला सगळा फायदा विद्यार्थ्यापर्यंत पोचतोच असं नाही.

यापुढची गोष्ट सरासरीची. एका महाविद्यालयात पाच शिक्षक आहेत. एकाच्या वर्गात १२० मुलं, उरलेल्या चौघांच्या वर्गांत दहा-दहा. एकूण मुलं १६०, शिक्षक ५, गुणोत्तर ३२. प्राचार्य म्हणणार, आमच्याकडे ३२ ला एक. आता मुलांना विचारा, ‘तुझ्या वर्गात किती जण?’ १२० जण म्हणतील ‘एकशेवीस’ आणि ४० जण म्हणतील ‘दहा’. या उत्तरांची सरासरी काढा. साडेब्याण्णव येते. कागदावर ३२ आणि बाकावर ९२. यात कोणी खोटं बोललेलं नाही. मोठ्या वर्गात बसणारी मुलंच संख्येनं जास्त असतात, एवढंच. आमच्या महाविद्यालयात नेमकं हेच होतं. तत्त्वज्ञान विशेष विषय घेणारी मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, त्यांची घरची माणसंसुद्धा आम्हाला माहीत. आणि तीच मुलगी, जी सामान्य विषय म्हणून आमच्याकडे बसत होती, तिचं नावही नाही.

त्यातून देशाची सरासरी म्हणजे सरासऱ्यांची सरासरी. आपल्याच देशात बिहार-झारखंडचं गुणोत्तर तमिळनाडू-कर्नाटकच्या दुपटीहून अधिक निघतं. पाटण्याच्या विद्यार्थ्याला ‘भारताचं गुणोत्तर २७’ सांगून काय उपयोग?

जे बाहेर राहिले त्यांचं काय?

आता जरा आमच्या विषयाकडे वळतो, कारण इथे प्रश्न नीतिशास्त्राचा होतो.

गुणोत्तर सुधारायचे दोन मार्ग आहेत. छेद वाढवा, म्हणजे शिक्षक नेमा. नाहीतर अंश कमी करा, म्हणजे मुलांना दारातच थांबवा. दुसरा मार्ग स्वस्त आहे. जर्मनीत हा प्रश्न थेट घटना न्यायालयात गेला. वैद्यकीय शिक्षणाच्या जागा मर्यादित ठेवल्या म्हणून प्रवेश नाकारलेल्या विद्यार्थ्यांचं ते प्रकरण. १८ जुलै १९७२ च्या निकालात न्यायालयानं सांगितलं की व्यवसाय आणि शिक्षणाची जागा निवडणं हा घटनेनं दिलेला हक्क आहे. म्हणून संपूर्ण क्षमता वापरून झाल्यावरच प्रवेशाला मर्यादा घालता येईल.

मग क्षमता मोजायचं एक अख्खं शास्त्र उभं राहिलं. प्रत्येक अभ्यासक्रमाला एका विद्यार्थ्यामागे शिकवण्याचे किती तास लागतात याचा अंक ठरला. शिक्षकांचे तास त्या अंकानं भागायचे की जागा किती ते निघतं. परिणाम असा झाला की प्रवेशमर्यादा असलेल्या अभ्यासक्रमात नवा शिक्षक नेमला की त्या मानानं जागाही वाढवाव्या लागतात. काही अपवाद केले जातात, पण मूळ नियम हाच. ‘जास्त शिक्षक नेमून आहे त्या मुलांना बरं शिकवू’ असं विद्यापीठाला सहजासहजी म्हणता येत नाही. आत बसलेल्यांचा चांगलं शिकण्याचा हक्क आणि बाहेर उभ्या असलेल्यांचा आत येण्याचा हक्क, यांत न्यायालयानं बाहेरच्यांची बाजू उचलून धरली.

बरोबर की चूक? आम्ही आमच्या वर्गात हा प्रश्न टाकायचो आणि मुलं दोन गटांत वाटली जायची. पण त्यातून एक शिकण्यासारखं आहे : गुणोत्तर फक्त आत आलेल्यांना मोजतं. २०२०-२१ मध्ये आपल्याकडे १८ ते २३ वयोगटाच्या मानानं उच्च शिक्षणातल्या नोंदणीचं प्रमाण २७.३ टक्के होतं. नव्या शैक्षणिक धोरणाला ते २०३५ पर्यंत ५० वर न्यायचं आहे. त्या वयोगटाची संख्या आजच्याइतकीच धरली, तर विद्यार्थी साडेसात कोटींवर जातील. नुसतं २७ चं गुणोत्तर टिकवायचं म्हटलं तरी सुमारे २८ लाख शिक्षक लागतील, म्हणजे १२ लाखांहून अधिक नवे. निवृत्त होणारे वेगळेच. ते कोण असतील? कायम पदावरचे की तासावरचे? आकडा दोन्हींनी भरतो.

मोजमाप ध्येय झालं की

एकदा आकड्यावर मान-सन्मान आणि पैसा ठरायला लागला की माणसं शिकवणं सुधारण्याआधी आकडा सुधारतात. आपल्या राष्ट्रीय क्रमवारीत, एनआयआरएफमध्ये, अभियांत्रिकीच्या गटात एका शिक्षकामागे १५ विद्यार्थी असले की या निकषाचे पूर्ण गुण मिळतात. ५० च्या पुढे गेलात तर शून्य. आणि तंत्रशिक्षण परिषदेनं २०१८-१९ पासून अभियांत्रिकी पदवीसाठीचा आपला निकष पंधरास एकवरून वीसास एक असा सैल केला. आदल्या वर्षी ज्या महाविद्यालयात शिक्षक कमी पडत होते, तिथे दुसऱ्या वर्षी ते पुरेसे झाले. वर्ग तोच, बाकं तीच.

बाहेरचं उदाहरण कोलंबिया विद्यापीठाचं. अमेरिकेतल्या एका नावाजलेल्या क्रमवारीत ते दुसऱ्या स्थानावर होतं. २०२२ मध्ये तिथल्याच गणिताच्या प्राध्यापकानं, मायकल थॅडियस यांनी, विद्यापीठाचे आकडे विद्यापीठाच्याच नोंदींशी ताडून पाहिले. वीसपेक्षा कमी विद्यार्थ्यांचे वर्ग ८२.५ टक्के, असं विद्यापीठाचं म्हणणं. त्यांच्या हिशेबानं ते ६३ ते ६७ टक्क्यांच्या दरम्यान निघाले. पुढे विद्यापीठानं चूक मान्य केली आणि क्रमवारीत ते अठरावं झालं. आम्हाला यात थॅडियस यांचं मोल वाटतं. स्वतःच्या संस्थेचा तक्ता त्यांनी बाहेरच्या माणसासारखा वाचला.

आम्ही तसा वाचला नव्हता. आता त्या सहीबद्दल.

मूल्यांकनाचं वर्ष. निवृत्त झालेल्यांच्या जागा भरायला परवानगी नाही. मंजूर पदांपैकी कित्येक रिकामी. तक्ता भरायची जबाबदारी आमच्याकडे. तासिका तत्त्वावरची सगळी तरुण मंडळी आम्ही ‘शिक्षक’ या रकान्यात पूर्ण एक म्हणून धरली. रकान्याच्या शीर्षकात कुठं स्पष्ट मनाई नव्हती, अशी मनाची समजूत घातली. त्यांतला एक इतिहासाचा मुलगा होता, म्हणजे आमच्यासाठी मुलगाच, पस्तिशीचा, नेट उत्तीर्ण, पीएच.डी. झालेला. सकाळी आमच्याकडे, दुपारी तालुक्याच्या गावी, आणि दोन दिवस तिसरीकडे. तक्त्यावर त्याची सही घ्यायला गेलो, तेव्हा तो म्हणाला, ‘सर, त्या दोन्ही ठिकाणीही मी सही केली आहे. तिन्हीकडचा मिळून मी एक पूर्ण होत नाही, आणि कागदावर तीन झालोय.’ आम्ही दोघंही हसलो. नंतर कधीतरी लक्षात आलं की हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. त्याचे आठवड्याचे सगळे तास बेरजेला घेऊनही त्याच्या हातात कायम शिक्षकाच्या पगाराचा लहानसा हिस्साच पडत होता, आणि सुट्टीच्या महिन्यांत तोही नाही.

आमच्या त्या आकड्यानं एक वाईट गोष्ट केली. जागा भरा म्हणून आम्ही वर्षानुवर्षं मागणी करत होतो, आणि आमच्याच सहीचा तक्ता सांगत होता की शिक्षक पुरेसे आहेत. मागणी आणि पुरावा परस्परविरोधी. तर्कशास्त्राच्या शिक्षकानं हे करावं!

मग गुणोत्तर टाकून द्यायचं का?

नाही. थर्मामीटर चुकीच्या जागी लावला म्हणून कोणी ताप मोजायचं सोडत नाही. गुणोत्तर उपयोगी आहे, पण त्यासोबत चार गोष्टी विचारल्या पाहिजेत. आपल्यापैकी ज्यांची मुलं-नातवंडं यंदा प्रवेश घेणार आहेत, त्यांनी महाविद्यालयाच्या कार्यालयात जरूर विचाराव्यात.

एक, छेदातले कायम आणि पूर्णवेळ शिक्षक किती? दोन, पहिल्या वर्षाचा सर्वांत मोठा वर्ग किती जणांचा? सरासरी नको, सर्वांत मोठा. तीन, शिक्षकाला वर्गाबाहेर भेटायची ठरलेली वेळ आणि जागा आहे का? ऑक्सफर्डला शिक्षक आणि दोन-तीन विद्यार्थी दर आठवड्याला निबंध घेऊन समोरासमोर बसतात. ती चैन आपल्याला परवडणारी नाही, हे मान्य. पण आठवड्यातून दोन तास उघडं दार आणि एक खुर्ची, एवढं परवडतं. आणि चार, मुलाचं लिखाण वर्षातून किती वेळा कोणीतरी वाचून, खुणा करून परत देतं?

चौथा प्रश्न विचारल्यावर बहुधा समोरचा माणूस तुमच्याकडे चमकून बघेल. बघू द्या.

कारण गुणोत्तर मोजून आपल्याला शेवटी कळून घ्यायचं असतं ते इतकंच, की आपल्या मुलाला कोणी ओळखतं का. तो चार दिवस आला नाही तर कोणाच्या लक्षात येईल का. देशोदेशीचे आकडे त्याचा अंदाज देतात, उत्तर देत नाहीत. उत्तर त्या वर्गात असतं. आमच्या वर्गातलं आम्हाला मिळालं, पण तीन वर्षं उशिरा.

वेळ संपत आली. प्रश्न असतील तर पुढे या, माईक इथे आहे. आणि सभागृहात तासिका तत्त्वावर शिकवणारं कोणी असेल, तर त्यांनी आधी बोलावं, अशी विनंती. त्यांना पुढची एसटी गाठायची असेल.